रुमाल एक, कोटासह

‘आतली बाजू कोण बघतंय?’ हे वाक्य मी आयुष्यात एकदाच बोललो, पण चारचौघांत आणि जरा मोठ्यानं बोललो. त्याचा परिणाम म्हणून माझा एकुलता एक लोकरी कोट आज सरकारी रेकॉर्डमध्ये जमा आहे. पावती माझ्याकडे आहे. कोणाला बघायची असेल तर घरी यावं, दाखवीन, चहाही देईन. फक्त कोटाविषयी आमच्या घरात बोलायचं ते हळू आवाजात, कारण तो कोट माझ्या बायकोनं शिवला होता.

माझी बायको मृणालिनी अंधेरीला आमच्या बिल्डिंगमागच्या गल्लीत शिवणक्लासला जायची. झबलं, परकर, पोलकं, सदरा अशा पायऱ्या चढत ती कोटापर्यंत पोचली. कोट शिकवून झाला, अस्तर दिवाळीनंतर, असं क्लासच्या बाईंनी सांगितलं, आणि दिवाळीत त्यांचं लग्न ठरून त्या नागपूरला निघून गेल्या. एकंदर सतरा जणींचे सतरा कोट बिनअस्तराचे राहिले. बाकी सोळा जणींनी ते निमूटपणे ट्रंकेत टाकले. आमची मात्र हट्टी. ‘तुमच्या इंटरव्ह्यूला तुम्ही हाच कोट घालून जायचं,’ असं तिनं मला सांगितलं, आणि मला सांगायच्या आधी त्या सोळा जणींना सांगितलं.

इंटरव्ह्यू हेडक्लार्कच्या जागेचा होता. आमच्या ऑफिसचं नाव सांगत नाही. सरकारी आहे आणि जुने कागद सांभाळतं, एवढं पुरे. मी तिथं अकरा वर्षं इमानेइतबारे हे कागद खालून वर आणि वरून खाली करतो आहे. जागेला उमेदवार दोन. एक मी, दुसरा सहदेव. सहदेव माझ्यानंतर दोन वर्षांनी लागला, त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात, पण त्याच्याकडे शार्कस्किनच्या चकचकीत विलायती कापडाचा सूट होता. नवीन आलेले साहेब टापटिपीचे भोक्ते होते. म्हणजे कोट पाहिजेच होता.

आता कापडाविषयी. मृणालिनीच्या थोरल्या भावानं मिलिटरी डिस्पोजलमधून एक घोंगडी आणली होती. तिला ब्लँकेट म्हणायचं, असा सासरच्यांचा आग्रह आहे. ब्लँकेट तर ब्लँकेट. मृणालिनीनं ते चॉकलेटी रंगात बुडवलं, दोन दिवस गॅलरीत वाळवलं आणि त्याचा कोट बेतला. खोटं कशाला बोलू, कोट झकास झाला होता. खांदे बसले, कॉलर बसली, खिशांना झाकणं होती. आरशात पाहिलं तर मी निदान मामलेदार वाटत होतो. पण दीड मिनिट झालं आणि मामलेदार खाजवायला लागला. लोकर सदऱ्यातून आरपार टोचत होती. महायुद्धात आपले जवान इतके सावध कसे राहिले याचा उलगडा मला त्या दिवशी झाला. ते ब्लँकेट अंगावर घेऊन झोप लागणंच शक्य नव्हतं.

‘अस्तर लागलं की टोचणार नाही,’ मृणालिनी म्हणाली. ‘पण ते मला येत नाही हो.’

एरवी मला काहीच येत नाही असं तिचं मत आहे. तिला काही येत नाही हे मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होतो. मी मोठ्या मनानं म्हटलं, ‘एवढंच ना? मी लावून आणतो.’

स्टेशनसमोर धोंडू शिंप्याचं दुकान. त्यानं कोट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, खिशात हात घालून बघितला.

‘कोणी शिवला?’

‘घरीच.’

‘मग अस्तर पण घरीच लावा.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे दुसऱ्याच्या कात्रीवर मी सुई धरत नाही. आमच्यात तशी रीतच नाही. उद्या बगल उसवली तर लोक म्हणणार, धोंडूनं शिवला.’ आणि मग, गरज नसताना, ‘पण साहेब, हा कोट आहे का घोड्यावरची झूल?’

माझ्या तोंडावर चार उत्तरं आली होती. पण धोंडूच्या हातात कात्री होती, म्हणून मी ती उत्तरं तशीच घरी आणली. घरी येऊन मृणालिनीला मात्र सांगितलं, ‘धोंडू म्हणतो, एवढ्या सफाईच्या कामाला हात लावायची माझी हिंमत नाही.’

ती लाजली. अक्षरशः लाल झाली. आणि संध्याकाळच्या आत ही बातमी तिन्ही मजल्यांवर पोचली. गॅलरीत माणसं जमली, कोट हातोहात फिरला, आणि वरच्या मजल्यावरच्या भाऊंनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘मग आता अस्तर लावणार कोण?’

तेव्हा मी म्हणालो, ‘मी लावतो! अस्तर म्हणजे आहे काय मोठं? आतली बाजू. आतली बाजू कोण बघतंय?’

आमच्या बिल्डिंगमध्ये सल्ला मागावा लागत नाही. शेजारच्या कुंदावहिनी म्हणाल्या, साटीन घ्या. कुंदावहिनींचे यजमान म्हणाले, साटीन घसरतं, आमच्या मेहुण्याचं घसरून बाहीतून बाहेर आलं होतं. मृणालिनीनं स्वतःचं जुनं रेशमी लुगडं काढून दिलं. ते गुलाबी होतं. मी नम्रपणे नाही म्हटलं. शेवटी भाऊंनी चष्मा पुसला.

भाऊ हे आमच्याच ऑफिसातून रिटायर झालेले रेकॉर्डकीपर. बत्तीस वर्षं रेकॉर्डरूममध्ये काढली, आणि रेकॉर्डरूमनंही थोडीफार त्यांच्या घरात काढली होती. ‘श्यामराव,’ ते म्हणाले, ‘अस्तर म्हणजे रुमाल. विषय संपला.’

रुमाल म्हणजे नाक पुसायचा नव्हे. सरकारी ऑफिसात जुन्या कागदांची दप्तरं ज्या तांबड्या जाड कापडात बांधून ठेवतात, तो. चांगला दोन वार लांब असतो आणि मध्यभागी काळ्या ऑइलपेंटनं नंबर टाकलेला असतो. ‘फाटत नाही, घसरत नाही, घाम पितो,’ भाऊ म्हणाले आणि मला घरात घेऊन गेले. त्यांच्या दाराचा पडदा म्हणजे रुमाल क्रमांक बावन्न होता. उशांचे अभ्रे नव्वद ते त्र्याण्णव. कॅरमबोर्डाची खोळ, पापड वाळवायचं कापड, हार्मोनियमचं आच्छादन, सगळ्यांना नंबर. एवढं शिस्तीत लावलेलं रेकॉर्ड मला ऑफिसात कधी बघायला मिळालं नव्हतं.

आता माझं तत्त्व असं की ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी आणायची नाही. पेन्सिल येते, पण ती खिशात राहते म्हणून. तरीही दुसऱ्या दिवशी मी रेकॉर्डरूमचा शिपाई महादू याला सहज विचारलं. त्यानं कपाटाच्या मागून एक रुमाल ओढून काढला. नंबर चारशे सतरा. एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला.

‘न्या साहेब. बाद करायचा म्हणून तीन वर्षं पडलाय.’

‘बाद झालाय, की बाद करायचाय?’

‘त्यात काय फरक आहे?’

फरक काय आहे हे मला नाही कळणार तर कोणाला? या फरकावरच मी अकरा वर्षं पगार घेतो आहे. पण मी खिडकीबाहेर बघितलं, आणि बघून होईपर्यंत रुमाल माझ्या पिशवीत गेला होता.

घरी मृणालिनीनं कापड हातात घेऊन विचारलं, ‘विचारून आणलंत ना?’

‘महादूला विचारलं.’

‘महादूचा आहे का?’

बायकांना कायद्यातलं काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांचं लग्न झालेलं नसतं. मी चिडून म्हटलं, ‘उद्या रीतसर अर्ज देतो! मग तर झालं?’ आणि दिलाही. ‘रुमाल क्र. ४१७ हा उंदरांनी कुरतडल्याने निरुपयोगी झाला असून तो बाद करून अर्जदारास मिळावा, ही विनंती.’ खाली सही, तारीख. तो अर्ज आवकच्या पेटीत टाकल्यावर मला इतकं स्वच्छ वाटलं म्हणता! कारण आमच्याकडे अर्ज सात टेबलांवरून जातो. माझ्या मामांचा पेन्शनचा अर्ज त्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मंजूर होऊन आला. या हिशेबानं रुमालाचा निकाल लागेपर्यंत कोट जुना होऊन त्याची पायपुसणी झाली असती. अर्ज करणारा माणूस प्रामाणिक, आणि निकाल न लागणं हा सरकारचा दोष. यात गैर काय ते मला अजून समजलेलं नाही.

रविवारी सकाळी कामाला हात घातला. अस्तर अंगाबरोबर बसावं म्हणून भाऊंनी युक्ती काढली. मी कोट उलटा करून, म्हणजे आतली बाजू बाहेर करून, अंगात घालायचा, आणि ते वरून रुमाल टाचण्यांनी टाचत जाणार. त्याप्रमाणे मी गॅलरीत हात पसरून उभा राहिलो. भाऊ पाठीमागे. टाचण्या त्यांच्याच घरच्या, म्हणजे सरकारी. पहिल्या टाचणीला मी ‘आई गं’ म्हणालो. पाचव्या टाचणीला कुंदावहिनींनी आतून विचारलं की कोणाला काही होतंय का. चाळीसाव्या टाचणीनंतर भाऊ म्हणाले, ‘हं, आता काढा,’ आणि कोट निघेना. त्यांनी तो सदऱ्यासकट टाचला होता. शेवटी सदरा कोटातच सोडून मी उघडाच बाहेर आलो, आणि समोरच्या बिल्डिंगमधली माणसं नको तेव्हा गॅलरीत येतात हे माझं जुनं निरीक्षण पुन्हा खरं ठरलं.

टाचणं हे शिवणं नव्हे, हे पुढच्या तासात कळलं. रुमाल जाड, ब्लँकेट त्याहून जाड. सुया मोडल्या, दोरा तुटला, माझं बोट दोनदा शिवलं गेलं. मृणालिनी दारात उभी राहून ‘आणू का मी मशीन?’ विचारत होती आणि मी ‘तू मध्ये पडू नकोस’ म्हणत होतो. तेवढ्यात जिना चढून कृष्णाबाई आली. ही वेसाव्याची, आमच्याकडे वर्षानुवर्षं मासळी घालते. तिनं पाटी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं, कोटाकडे बघितलं.

‘काय रे बाबा, काय चाललंय? शीड शिवतोस का गोधडी?’

‘अस्तर लावतोय.’

‘या सुईनं?’ ती जी हसायला लागली ती थांबेना. ‘ही तर नथ टोचायची सुई. ठेव खाली. उद्या येतंय मी.’

सोमवारी ती दाभण आणि जाळ्याचा मेण लावलेला दोरा घेऊन आली. तिचा नवरा तुळशीदास शिडं शिवतो, तिलाही ते काम येत होतं. मृणालिनी तिच्यासमोर बसून कपडा धरत होती, आणि दोघी मिळून दीड तासात अस्तर लावून मोकळ्या झाल्या. मी ऑफिसातून आलो तेव्हा फक्त शेवटची गाठ राहिली होती.

‘पुढेमागे काढायचं झालं तर कसं काढायचं?’ मी विचारलं.

‘काढायचं कशाला?’ कृष्णाबाई म्हणाली. ‘दोन पावसाळे दर्यात ठेव. कापड जाईल, शिवण नाय जायची.’

बाह्यांना मात्र अस्तर नव्हतं. रुमाल पुरला नव्हता. आणि दुसरी एक गोष्ट मृणालिनीच्या उशिरा लक्षात आली. तिनं कोट उघडून माझ्यापुढे धरला. आत, पाठीच्या बरोब्बर मधोमध, तळहाताएवढ्या आकड्यांत ‘४१७’ आणि त्याखाली ‘सरकारी मालमत्ता’.

मी तसाच वर गेलो. ‘भाऊ, नंबराची बाजू लोकरीकडे जायला नको होती का?’

‘वा!’ भाऊ दुखावले. ‘बत्तीस वर्षं दप्तरं बांधली. नंबर नेहमी बाहेर! नाहीतर दप्तर सापडायचं कसं?’

खाली आलो. मृणालिनी कोटाची घडी घालत होती. ‘जाऊ दे हो,’ ती म्हणाली. ‘आतली बाजू कोण बघतंय, असं तुम्हीच म्हणालात ना?’

आता सहदेवाविषयी सांगायला हवं. माझा अर्ज त्यानं आवकच्या पेटीतच वाचला होता. आणि जो माणूस स्वतःचं पाणी उठून पीत नाही, त्यानं माझा अर्ज स्वतःच्या हातानं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर नेला. ‘आपल्या श्यामचं काम आहे यार,’ असं प्रत्येकाला सांगत. सात टेबलं त्यानं नऊ दिवसांत उरकली. इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी चार वाजता माझ्या टेबलावर चिठ्ठी आली. वर साहेबांचा लाल शेरा: ‘सदर रुमाल प्रत्यक्ष पाहणीसाठी सादर करावा.’

‘अभिनंदन रे,’ सहदेव म्हणाला. ‘एवढ्या लवकर कोणाचं काम झालेलं बघितलं नव्हतं.’

वाट लागली. घरी आल्या आल्या मी कोट घेऊन गॅलरीच्या कोपऱ्यात बसलो आणि शिवण उसवायला लागलो. सुरीनं दोरा तुटेना. ब्लेडनं तुटेना. अडकित्ता लावला तर अडकित्त्याचा खिळा सैल झाला. कोट घेऊन धोंडूकडे धावलो. तो म्हणाला, ‘मी म्हटलं होतं ना, दुसऱ्याच्या शिवणीला मी हात लावत नाही.’ रीत म्हणजे रीत.

कोट घरात टाकून गॅलरीत येरझाऱ्या घालताना विचार केला, तो घालायचाच नाही. भाऊंचा काळा अल्पाकाचा कोट आहे, तो मागून घ्यावा. असं ठरवून घरात पाय टाकला तर मृणालिनी कोळशाची इस्त्री घेऊन बसलेली. ओल्या फडक्यावरून कोटाला इस्त्री करत होती, कॉलरपाशी अगदी जपून.

‘आज क्लासमधल्या चौघीजणी भेटल्या होत्या,’ ती मान वर न करता म्हणाली. ‘विचारत होत्या, खरंच इंटरव्ह्यूला घालणार का? मी म्हटलं, घालणार म्हणजे घालणार. त्यांच्या कोणाच्याच घरी कोणी घातला नाही हो. एकीच्या नवऱ्यानं तर तो कुत्र्याखाली घातला.’

अल्पाकाचा बेत मी तिथंच रद्द केला. मी स्वतःची समजूत घातली. रुमाल रेकॉर्डरूममध्ये नाही. महादू सांगेल, सापडत नाही. आमच्या ऑफिसात कुठलीही वस्तू न सापडणं ही तिची नैसर्गिक अवस्था आहे. मग घाबरायचं कशाला? कोट अंगातून काढायचा नाही, बस्स.

इंटरव्ह्यू सकाळी अकराला. मार्च महिना, आणि साहेबांच्या खोलीतला पंखा तीन महिन्यांपूर्वीच बाद करण्यासाठी उतरवून नेलेला. साहेब सुरुवातीला खूश दिसले. मला नीट न्याहाळून म्हणाले, ‘कोट छान आहे.’

मी म्हणालो, ‘घरीच शिवलाय साहेब. बायकोनं.’ एवढं एक वाक्य मी त्या दिवशी ताठ मानेनं बोललो.

पहिले तीन प्रश्न ठीक गेले. चौथ्या प्रश्नाला घाम आला, आणि घाम आल्यावर बाह्या जाग्या झाल्या. पाठीला, छातीला अस्तर होतं, तिथं मी राजा होतो. पण खांद्यापासून मनगटापर्यंत! आधी मी एक हात टेबलाखाली नेऊन खाजवला. मग दुसरा. मग मला असं दिसून आलं की मी दोन्ही हातांची घडी घालून दोन्ही दंड एकदम खाजवतो आहे आणि साहेब बोलायचे थांबले आहेत.

‘बरं नाही का तुम्हाला?’

‘बरं आहे साहेब.’

‘उकडतंय. कोट काढा ना.’

‘नको साहेब. थंडी वाजते.’

हे मी का बोललो देव जाणे. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली. मार्चमध्ये थंडी वाजतेय, अंगाला खाज सुटलीय. तेव्हा उपनगरात देवीची साथ होती. ‘अंगावर काही उठलंय का?’ त्यांनी लांबूनच विचारलं. ‘टोचून घेतलंय ना? महादू! अरे महादू! यांचा कोट काढ, दंड बघू दे!’

महादू आला. मी कोट धरून ठेवला. महादू ओढायला लागला. दप्तरं ओढून ओढून त्याच्या हाताला ताकद आलेली, कोट निघाला. आणि निघताना अर्थातच उलटा झाला. महादूनं त्या तांबड्या कापडाकडे पाहिलं. मग त्याच्या हातांनी जे केलं ते त्यानं केलं असं मी म्हणणार नाही, वीस वर्षांच्या सवयीनं केलं. त्यानं कोटाच्या चार बाजू आत मुडपल्या, बाह्यांची गाठ मारली, नंबर वर घेतला, आणि तो गठ्ठा साहेबांच्या टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला.

‘साहेब,’ तो आनंदानं म्हणाला, ‘चारशे सतरा सापडला.’

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी ट्रेमधून माझा अर्ज काढला, चष्मा लावला आणि अर्जाशी कोट ताडून बघितला.

‘कुरतडलेला कोपरा कुठे आहे?’

‘डाव्या बगलेत, साहेब.’

त्यांनी बगल बघितली. ‘म्हणजे आधी शिवलात आणि मग मागितलात.’

‘नाही साहेब! आधी नेला, मग मागितला, मग शिवला.’ हा क्रम सांगताना मला उगाचच वाटलं की मी यात कुठेतरी प्रामाणिक ठरतो आहे. साहेबांना तसं वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी शेरा लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचला:

‘रुमाल क्र. ४१७ समक्ष पाहिला. एक कोपरा वगळता सुस्थितीत असून सध्या वापरात आहे. बाद करण्याचे कारण नाही. तात्काळ रेकॉर्डला जमा करावा. महादू, सोडव ते.’

महादूनं कागद कापायची सुरी घेतली. सुरी वाकली. त्यानं कात्री आणली. मग बाहेरून अजून एक शिपाई आला, एकानं कोट धरला, एकानं रुमाल. दोघं दोन दिशांना ओढत सुटले. ओढत होते ते रुमाल, पण ताण येत होता मृणालिनीच्या शिवणीवर. ‘अरे हळू!’ मी ओरडलो. ‘माझ्या बायकोनं शिवलाय तो!’ हेडक्लार्कच्या इंटरव्ह्यूत उमेदवारानं बोलायचं हे वाक्य नव्हे. पण त्या वेळी मला खरंच रडू येत होतं, जागेसाठी नाही, त्या कॉलरसाठी.

‘निघत नाही साहेब,’ महादू धापा टाकत म्हणाला.

‘मग आहे तसाच जमा करा,’ साहेब म्हणाले.

मी खाली मान घालून उठलो. उठताना टेबलाच्या कडेला साहेबांचा जेवणाचा डबा दिसला. एका तांबड्या, जाड कापडात नीट बांधलेला होता. नंबर कुठे दिसत नव्हता. तो त्यांनी आतल्या बाजूला घेतला होता. साहेब हे साहेब का होतात आणि आपण क्लार्क का राहतो, हे मला त्या क्षणी कोणी न शिकवता कळलं.

रेकॉर्डरूममधून पावती मिळाली: ‘रुमाल एक, कोटासह.’ सदऱ्यावर घरी आलो. हेडक्लार्कची जागा सहदेवाला गेल्याचं मला निघायच्या आधीच कळलं होतं, कारण तो शार्कस्किनमध्ये पेढे वाटत होता. मीही एक खाल्ला. बिल्डिंगपाशी आलो तर अख्खी गॅलरी भरलेली. भाऊंनी वरूनच विचारलं, ‘काय श्यामराव, कोट कुठाय?’ मी ‘ऑफिसात ठेवलाय’ म्हटलं आणि घरात शिरून दार लावून घेतलं.

मृणालिनीला मात्र सगळं सांगितलं. धोंडू काय म्हणाला होता तेसुद्धा, झुलीसकट. एकदा खरं बोलायला लागलं की कुठं थांबायचं ते कळत नाही. ती पाटावर बसून ऐकत होती. चिडली नाही, रडली नाही. सगळं झाल्यावर तिनं एकच विचारलं.

‘दोघं दोन बाजूंनी ओढत होते ना? माझी शिवण कुठे उसवली का?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘एक टाकासुद्धा नाही.’

‘खांद्याची?’

‘नाही.’

‘मग झालं,’ ती म्हणाली आणि भात उतरवायला उठली. ‘कोट माझा होता, तो टिकला. कापड तुमचं होतं, ते पकडलं गेलं.’

मी ताटं मांडायला घेतली.

पावसाळा संपल्यावर रेकॉर्डरूमची वार्षिक तपासणी झाली. उंदरांनी त्या साली कहर केला होता. चारशेच्या वरची सगळी दप्तरं कोपऱ्या-कोपऱ्यांनी खाल्लेली. फक्त एक दप्तर जसंच्या तसं. महादूनं त्यात कुठल्याशा गावचे जुने सात-बारा बांधून, कॉलर आत दुमडून, बाह्यांची गाठ मारून ठेवली होती. जवानांना टोचणारी लोकर उंदरांनाही टोचली असणार. साहेब त्या दप्तरापुढे बराच वेळ उभे राहिले म्हणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, या वेळी बसायला सांगितलं, आणि हेडक्लार्क सहदेव याच्या मुंग्यांच्या अक्षरात लिहिलेलं एक पत्र दिलं. ऑफिसला क्रमांक ४१७ च्या नमुन्याबरहुकूम आणखी बारा रुमाल, कोटासह, हवे होते, आणि शिवणाऱ्या बाईंनी आपली तयारी कळवावी अशी विनंती होती.

पत्र मी घरी आणलं. मृणालिनीनं हात पुसले, ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि क्लासच्या सर्टिफिकेटाखाली ठेवून दिलं. मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. मी खिशातला रुमाल काढला, माझा स्वतःचा, बिननंबरी.

‘मग काय कळवू साहेबांना?’

‘सांगा, रीतसर अर्ज करा म्हणावं,’ ती म्हणाली. ‘आणि कापड आपलं आपण आणा.’